तीनशे बाराव्या भागाचा ठिपका

ठिपक्याची रुंदी शून्य दशांश चार मिलिमीटर भरली. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली मी तो तीनदा मोजला आणि तिन्ही वेळा आकडा जवळजवळ तोच आला. कागद पिवळा पडला होता. त्यावर ‘भाग ३१२’ असं लिहिलेलं होतं आणि दोनाच्या शेपटापाशी, किंचित वर, हा ठिपका होता. त्याची एक कड गोल होती, दुसरी फाटल्यासारखी.

तो मी मुद्दाम दिला होता की सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलच्या मेणाला आपोआप चीर पडून तिथून शाई झिरपली होती, एवढंच मला ठरवायचं होतं. वीस वर्षांची असताना मी एक नियम पाळत असे. रेडिओमालिकेचा जो भाग मी स्वतः ऐकला नाही, दुसऱ्या कुणाकडून ऐकून किंवा अंदाजानं लिहिला, त्याच्या आकड्यापुढे एक ठिपका द्यायचा. हा नियम मी कुणालाही सांगितला नव्हता. लिहिणाऱ्याला आपली बनवाबनवी कुठं आहे हे माहीत असावं, एवढाच त्याचा उपयोग होता.

आता १९८७ चा फेब्रुवारी चालू होता आणि या ठिपक्यात बनवाबनवी होती की नाही, ते मलाच माहीत नव्हतं.

हे सुरू झालं त्याच्या आधीच्या रविवारी. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत तीन दारं सोडून सगुणाताई राहते. ती बालवाडीत शिकवते. मी चहाला गेले तेव्हा तिनं भिंतीतल्या फळीवरून एक लांब पाकीट काढलं. त्यातला कागद मला ठाऊक होता. सात वर्षं ठावठिकाणा नसलेल्या नवऱ्यापासून फारकत मागण्याचा तो अर्ज होता. वकिलानं तयार केल्याला दोन वर्षं होऊन गेली होती. खाली सहीची जागा कोरी होती.

“या नाही, पुढच्या बुधवारी वकील शेवटचं विचारणार आहेत,” सगुणाताई म्हणाली. “नाथा काही बोलत नाहीत. पण त्यांनाही किती थांबवायचं?”

नाथा येवल्याचे. माझ्या ठमामावशीचे शेजारी, पैठणी विणतात. त्यांची बायको वारली त्याला बराच काळ लोटला होता. तीन वर्षांपूर्वी ते आमच्या घरी एक लुगडं पोचवायला आले आणि सगुणाताईनं त्यांना पाणी दिलं. पुढचं मावशीनं जुळवत आणलं होतं. फक्त ही सही अडली होती.

“विमल, तुझ्याकडे ‘अडीच’चे अंक आहेत का गं अजून?”

“आहेत.”

“शेवटचा?”

“तोही असेल.”

“त्यात मालनचा नवरा परत येतो. दार वाजवतो. ते मला नीट आठवतंय.” ती पाकिटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. “पण मग मालननं काय केलं, ते काही केल्या आठवत नाही. तेवढं बघून सांग. हसू नकोस.”

मी हसले नाही. दहा वर्षांपूर्वी त्या गोष्टीवर आमच्या ओळीतली कुठलीच बाई हसली नसती.

‘परसदार’ ही मालिका रेडिओवर लागायची, सोमवार ते शुक्रवार दुपारी अडीचला, पंधरा मिनिटं. मार्च शहात्तरला सुरू झाली आणि सत्त्याहत्तरच्या मे महिन्यात संपली. पुरुष नोटांच्या प्रेसमध्ये कामावर, पोरं शाळेत, भांडी घासून झालेली. अशा वेळी सगळ्या जणी कुसाकाकूंच्या ओट्यावर जमत, कारण त्यांचा रेडिओ मोठा होता आणि खरखर कमी करायचा. मालन नावाची बाई, तिची सासू, आणि तिचा नवरा दामोदर. हा दामोदर साधारण नव्वदाव्या भागात कंदिलाची काच आणायला म्हणून बाहेर पडला आणि परतलाच नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, सगुणाताईचे भिकनराव ट्रकचा टायर आणायला मालेगावला गेले. तेही परतले नाहीत. पोलीस झाले, नातेवाईक झाले, कुणीतरी सुरतेला पाहिल्याचं सांगितलं. कॉलनीत त्या दोन गोष्टींची तुलना कुणी मोठ्यानं केली नाही. मात्र त्या दिवसापासून अडीच वाजता सगुणाताईला रेडिओजवळची जागा मिळायला लागली.

‘अडीच’ हा आमचा अंक. ज्यांना घरातून निघता यायचं नाही, किंवा ज्यांचा एखादा भाग बुडायचा, त्यांच्यासाठी महिन्याचे सगळे भाग थोडक्यात लिहायचे, ही कल्पना कुसाकाकूंची. अक्षर माझं बरं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. विहाराच्या खोलीत सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं, जयंतीची पत्रकं काढायला घेतलेलं. त्यावर साठ प्रती निघत. मागच्या पानावर ‘आवाजावरून चेहरा’ असं सदर होतं. ज्या माणसाला कुणी पाहिलेलं नाही, फक्त ऐकलं आहे, त्याचं चित्र बायकांनी काढून द्यायचं. एका अंकात दामोदरची सहा चित्रं आली. सहाही माणसं वेगळी होती, आणि थोडं निरखून पाहिलं तर प्रत्येक जण काढणारीच्या घरातला निघायचा. सगुणाताईच्या दामोदरला डाव्या भुवईवर व्रण होता. भिकनरावांना तसाच होता.

आता घरोघरी टीव्ही आहे. कुसाकाकूंकडे तर रंगीत आहे. तरी त्या म्हणतात, “मानसं आयती दिसत्यात. मंग आपन काय करायचं, नुसतं बसायचं?”

तो पंधरावा, शेवटचा अंक मी ट्रंकेतून काढला. टाचण्यांच्या गंजाचे दोन तांबूस डाग पडले होते. भाग तीनशे बारा असा होता: ‘मालन कंदील पुसत बसली आहे. बाहेर वारा आहे. दारावर तीन ठोके पडतात. मालन विचारते, कोण? बाहेरून आवाज येतो, मालन, मी आलोय. मालिका समाप्त.’

याच्यापुढे काही नव्हतं. मालननं काय केलं ते कुठंच नव्हतं. आणि आकड्याजवळ तो ठिपका.

मला एवढं आठवत होतं की त्या शेवटच्या आठवड्यात कुसाकाकूंचा रेडिओ दुरुस्तीला गेला होता आणि मी येवल्याला मावशीकडे होते. ओळीतल्या बायकांनी मला बजावून पाठवलं होतं की पाचही भाग नीट ऐकून ये. मी ऐकले. असं मी धरून चालले होते. मग ठिपका का?

जुने अंक काढून मी खात्रीचे ठिपके मोजले. तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या अंकात मिळून पाच होते. रुंदी शून्य दशांश चार ते शून्य दशांश सात. मग त्याच पानांवरचे फुटकळ डाग मोजले, जे उघडच मेणाच्या चिरांमुळे पडलेले होते. ते शून्य दशांश दोन ते शून्य दशांश पाच निघाले. माझा ठिपका दोन्ही गटांत बसत होता. विद्यार्थ्यानं अशी निरीक्षणं आणली असती तर मी वहीवर ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असं लिहून परत दिली असती.

म्हणून मी माणसांकडे वळले.

“आगं, म्या सोता ऐकलंय,” कुसाकाकू म्हणाल्या. त्या लसूण सोलत होत्या. “ठक, ठक, ठक. आन् मंग त्यो खोकला.”

“कोण खोकला?”

“दामोदर. धुळीतनं आल्याला मानूस खोकनार न्हाई व्हय?”

“अंकात खोकला नाही काकू.”

“मंग तूच लिवायची इसरली.”

“पण तुमचा रेडिओ त्या आठवड्यात दुरुस्तीला होता.”

त्यांचा हात थांबला. “हां, व्हता खरा,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा लसूण सोलायला लागल्या. “तरी बी ऐकलंय म्या.”

घरी आईला विचारलं. आई म्हणाली, “दामोदर कुठं आला? तो पोस्टमन होता. तार घेऊन आला होता.”

“आई, अंकात स्पष्ट लिहिलंय, मी आलोय म्हणून.”

“पोस्टमन काय म्हणेल मग? तो पण आलाच होता ना.”

कुसाकाकूंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “कोंडाजीच्या घरात समद्यांची डोकी उलटी.” कोंडाजी म्हणजे माझे वडील. त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. त्यांच्या मते अशी मालिकाच नव्हती, बायका नुसत्या गप्पा मारायला जमायच्या.

एक गोष्ट मात्र मला हळूहळू उलगडली. अंक निघाला की कुसाकाकू तो ओट्यावर मोठ्यानं वाचत. सासूचा आवाज वेगळा, मालनचा वेगळा. शेवटचा अंक वाचताना त्यांनी ‘ठोके पडतात’पाशी थांबून पाटावर तीनदा मूठ आपटली होती. तो आवाज सगळ्यांच्या कानात राहिला आणि दहा वर्षांत रेडिओत जाऊन बसला. त्या वेळचा सगुणाताईचा चेहरा मला आठवला. तिनं पदराचं टोक तोंडावर धरलं होतं, डोळे दाराकडे होते. त्या दिवसापासून ती घरात असताना दाराला कडी लावत नाही. आम्ही सगळे तिच्याकडे दार नुसतं ढकलून जातो. त्याची इतकी सवय झाली आहे की कारण कुणी विचारत नाही.

शनिवारी मी एसटीनं येवल्याला गेले.

ठमामावशी कांद्याच्या पातीची भाजी करत होती. मी विचारलं, “मावशी, सत्त्याहत्तरच्या मेमध्ये मी इथं ‘परसदार’ ऐकायचे, तो रेडिओ कुठं ठेवलेला असायचा?”

“रेडिओ?” ती म्हणाली. “आपल्याकडे रेडिओ आला तुझ्या मावसभावाच्या लग्नात. ऐंशी साली.”

“मग मी कशावर ऐकलं?”

“नाथाच्या. भिंतीपलीकडून. तू इथं, या कोनाड्याला कान लावून बसायचीस वही घेऊन. मी म्हणायचे, पोरी, तिकडं जाऊन बस की. तर तू लाजायचीस.”

मी त्या कोनाड्याकडे पाहत राहिले. भिंतीला कान लावून बसल्याचं मला अजिबात आठवत नव्हतं. मला एक रेडिओ आठवत होता, तपकिरी, वर विणलेला रुमाल टाकलेला. तो कुणाचा होता आता सांगता येत नाही. पलीकडून मागाचा आवाज येत होता. मी सहज घड्याळ पाहून ऐकायला लागले. साधं कापड विणताना ठोके सलग पडतात. पैठणीचा पदर विणताना तसं होत नाही. रंगीत रेशमाच्या लहान नळ्या हातानं फिरवत बराच वेळ शांतता असते, मग दोन-तीन ठोके, मग पुन्हा शांतता.

ठक, ठक, ठक. पंचेचाळीस सेकंद काही नाही. पुन्हा तीन.

मी उठून पलीकडे गेले. नाथा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले होते. पदरावर अर्धा मोर झाला होता. मला पाहून त्यांनी नळी बाजूला ठेवली.

“या विमलताई. बसा. रेशमाला पाय लावू नका फक्त.”

मी त्यांना मालिकेचा शेवटचा भाग विचारला.

“रेडिओ चालू असायचा खरा. पण माझं लक्ष धाग्यावर. एक धागा चुकला की मोराची मान मोडते. शेवटी ती बाई एकटीच बोलत होती एवढं आठवतंय. खूप वेळ. कुणाशी, ते नाही सांगता यायचं.”

“दार वाजलं होतं?”

“असेल. मी इथं ठोकत होतो, मला कसं ऐकू येणार?” मग त्यांनी नळी पुन्हा हातात घेतली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “सगुणाबाई बऱ्या आहेत?”

“बऱ्या आहेत.”

“बरं,” ते म्हणाले.

परतीच्या गाडीत मी वही काढून मांडून पाहिलं. एक: मी भिंतीतून ऐकत होते. दोन: भिंतीपलीकडे माग चालू होता. तीन: ते ठोके रेडिओतले असतील किंवा नाथांचे. चार: ‘मालन, मी आलोय’ हे वाक्य मी ऐकलं असेल, किंवा सगुणाताईसाठी लिहिलं असेल. त्या वयात मला ती सुखी व्हावी असं फार वाटायचं. पाच: लिहिलं असेल तर ठिपका माझा. सहा: ऐकलं असेल तर ठिपका मेणाचा. निफाड येईपर्यंत मी ते तीनदा वाचलं. प्रत्येक वाक्य बरोबर होतं आणि सगळी मिळून काहीच सांगत नव्हती. मोजमाप वाढवलं की अनिश्चितता कमी होते, असं मी दरवर्षी मुलींना शिकवते. इथं ती वाढतच चालली होती.

आणि एक भीती होती. मी म्हटलं की तो परत आला, तर ती सही करणार नाही. मी म्हटलं की ते मी रचलं, तर दहा वर्षं माझ्या एका वाक्याखातर ती दार उघडं ठेवून बसली, हे तिला माझ्याच तोंडून कळणार. मला निदान एकाची तरी खात्री हवी होती.

मंगळवारी मी अर्धी रजा काढली आणि दुपारी सगुणाताईकडे गेले. दार ढकललं. ती बालवाडीच्या मुलांसाठी पुठ्ठ्याची पानं कापत बसली होती. भिंतीवरच्या घड्याळात अडीचला पाच मिनिटं कमी होती.

“सापडलं?”

मी अंक तिच्यासमोर उघडून ठेवला. तिनं शेवटच्या ओळी ओठ हलवत वाचल्या, मग पान उलटून पाहिलं. मागे ‘आवाजावरून चेहरा’ होतं, शेवटची दोन चित्रं.

“एवढंच?”

“एवढंच.”

“मालननं काय केलं?”

“लिहिलेलं नाही.”

“अगं पण ऐकलं असशील ना.”

मग मी तिला सगळं सांगितलं. भिंत, माग, ठिपक्यांचा नियम, सूक्ष्मदर्शक, शून्य दशांश चार. कुसाकाकूंचा खोकला आणि आईचा पोस्टमनही सांगितला. कात्री तिच्या हातात तशीच होती.

“म्हणजे तो आला की नाही, तेच तुला माहीत नाही.”

“नाही. बहुतेक मीच लिहिलं, सगुणाताई. पण ‘बहुतेक’च. छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.”

“माझ्यासाठी लिहिलंस?”

“लिहिलं असेल तर तुझ्यासाठीच.”

तिनं ठिपक्यावर बोट ठेवलं. मग नखानं तो खरवडून पाहिला, जसा भातातला खडा बघावा तसा. तो निघाला नाही.

“मला वाटायचं, पुढचं कुठंतरी लिहिलेलं आहे आणि मीच विसरलेय,” ती म्हणाली. “मालननं दार उघडलं असेल, रडली असेल, पाणी दिलं असेल. कधी वाटायचं, भांडली असेल. रोज वेगळं आठवायचं. म्हणून म्हटलं, एकदा बघून घ्यावं ती काय करते ते.” ती थोडी हसली. “आणि तू म्हणतेस, तिथं काहीच नाही.”

“मी आता लिहू शकत नाही, ताई. लिहिलं तर पुन्हा तेच होईल.”

“तू कशाला लिहितेस?”

“माझं चुकलं असेल तर...”

“चुकलं की नाही ते तुझ्या त्या यंत्राला विचार.” तिनं कात्री खाली ठेवली. “दार मी उघडं ठेवलं, विमल. तुझ्या अंकात कडी काढून ठेवा असं कुठं लिहिलंय? दाखव.”

बाहेर कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज सुरू झाला आणि लगेच बंद झाला. सगुणाताई उठली. मांडीवरचे पुठ्ठ्याचे तुकडे झटकले, दाराशी गेली, दार लावलं. कडी कुरकुरत होती, वर्षानुवर्षं न लावल्यामुळे ती बसेना. तिनं तळहातानं दोनदा ठोकली तेव्हा ती बसली. मग फळीवरून पाकीट काढून ती माझ्यासमोर बसली आणि कागद उलगडला.

“पेन दे,” ती म्हणाली. “तो उद्या येऊन दारात उभा राहिला, तरी मी उघडणार नाही. मी येवल्याला जाणार आहे.”